शेजारचा बैल

"मग धाडू का नको, बाबा? तेवढं एक सांगा."

महिपती बैलांचा दलाल. बाजारच्या दिवशी मठात यायचा, खांद्यावरचं दावं काढायचा नाही आणि बाबांना शहाणपण शिकवून जायचा. मी मठाची झाडलोट करणारा माणूस, पण खरं सांगतो, मला त्याचा पहिल्यापासून राग.

त्या दिवशी लेकीला घेऊन आला होता. सगुणा पायरीवर गाठोडं घेऊन बसली. कोपरापर्यंत हात काळानिळा. सासरहून दुसऱ्यांदा पळून आली होती, आणि तिच्या सासरगावची जीप समोर वडाखाली उभी होती.

"तिला विचारलंस?" बाबा म्हणाले.

"लेकीला काय विचारायचं?"

बाबा म्हणाले, "परवा तुझ्याकडचा तांबडा बैल बाजारात खपला म्हणे."

महिपती खुलला. "खपणारच! शेजारी एक मरतुकडा आणून बांधला."

"तो कोण घेतं?"

"कोणी घेऊ नयेच, बाबा. तो नुसता बांधायचा. एकट्या तांबड्यात गिऱ्हाईक सतरा खोडी काढतं. शेजारी हाडांचा सापळा दिसला की तोच तांबडा राजा होतो."

"म्हणजे फसवतोस."

"छ्या! मी अवाक्षर बोलत नाही. त्याचं तोच ठरवतो." त्यानं अंगणातल्या शेळीकडं बोट केलं. "हिलासुद्धा चाऱ्याच्या दोन पेंढ्या टाका, घुटमळत बसेल. एकीच्या शेजारी तिसरी टाका, तसलीच पण वाळकी. सरळ वाळकीच्या शेजारचीला तोंड लावते का नाही बघा. जिवाची जातच अशी."

"हं… सगुणाला स्थळं किती पाहिलीस?"

"तीन. गोंदाजी मध्यस्थानं दाखवली."

"पहिलं?"

"दारुडा."

"दुसरं?"

"पन्नाशीचा बिजवर."

"आणि तिसरं…"

महिपतीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. हात खांद्यावरच्या दाव्याकडं गेला आणि तिथंच थांबला.

"गोंदाजीचा मुडदा बशिवला!" तो ओरडला. "माझाच डाव माझ्यावर!"



मला वाटलं, आता तरी हा पायरीवर जाईल. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवील. पण कसलं काय! घाम पुसला आणि पुन्हा मांडी घालून बसला.

"झालं ते झालं. पण बाबा, वरच्या आळीची ती शकू आठवते? विहिरीतनं काढली तिला. त्यामानानं आमचीचं बरं. हात उगारतो, पण दोन वेळा खायला घालतो. दगडापेक्षा वीट मऊ."

"घरी ठेवलीस तर?"

"घरी?" महिपती हसला. "लोक तोंडात शेण घालतील. धाकटीचं लग्न व्हायचंय अजून. आणि रोज उठून हिचं तोंड कोण बघणार, तुम्ही?"

बोलणं खणखणीत होतं. पायरी चार हातांवर. सगुणानं मान वळवून बापाकडं पाहिलं. रडली नाही. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तिनं नको म्हटलं.

जीपवाल्यानं हॉर्न दिला.

सगुणा उठली. गाठोडं काखेला मारलं, पदर ओढून हात झाकला आणि अंगण ओलांडून चालू लागली.

"सगुणा…" बाबांनी हाक मारली.

तिनं लांबूनच हात जोडले आणि जीपमध्ये जाऊन बसली.

महिपतीनं सुटकेचा श्वास सोडला. अक्षरशः सोडला, मी ऐकला.

"बघा! मी धाडली नाही, बाबा. अवाक्षर बोललो नाही तिला. तिचं तिनंच ठरवलं."

जीप वळणाआड गेली. धूळ बसेपर्यंत बाबा तिकडंच बघत होते.

"हो," ते म्हणाले. "शेजारी तू बांधलेला होतास ना…"