कोष्टी गल्लीतला दोरा

राग मानू नका पाहुणे, पण गाडी जरा इथंच उभी राहू द्या. गल्लीच्या तोंडाशी कच्च्या सुताचा एक दोरा आडवा बांधलेला होता, तो तुम्ही आत्ता तोडून आलात. मुद्दाम नाही, ठाऊक आहे. वेगात तो दिसतच नाही. आमच्या कोष्टी गल्लीत दोऱ्याशी थांबायचं, उतरून तो सोडायचा, गाडी माणसाच्या पावलानं आत घ्यायची आणि दोरा पुन्हा बांधायचा, अशी रीत आहे. ती ठकूबाईपासून चालत आली म्हणे.

ही ठकूबाई इथलीच कोष्टीण. किती वर्षं झाली ते कुणाला नीट सांगता येत नाही. ठाण्यात घोडेस्वार होते तेव्हाची गोष्ट, असं सांगतात. नदीच्या उतारावरून ठाण्याकडे जायला हीच जवळची वाट. स्वार दिवसातून चारदा भरधाव निघायचे, आणि गल्ली ही अशी चिंचोळी. एका सकाळी ठकूबाईचा पाच वर्षांचा तुका घोड्याखाली आला आणि गेला. ती ठाणेदाराकडे रडत गेली, तर तो म्हणाला, "रस्ता सरकारचा आहे, बाई. पोरं तुमची. सांभाळा."

बाईनं सांभाळलं. पाठची सोनी रांगायला लागली, तशी तिच्या कमरेला लुगड्याची पट्टी बांधून दुसरं टोक मागाच्या खांबाला अडकवलं. गल्लीत सगळ्यांनीच तसं केलं. दिवसभर घराघरातून मागाची खटखट आणि बांधलेल्या पोरांचं रडणं. सोनीच्या कमरेवर वळ उठले. तेल लावताना ते बघून ठकूबाईला भडभडून आलं. घोडी मोकळी आणि लेकरं बांधलेली, हा कुठला न्याय! तिनं पट्टी सोडून फेकली, सुताचा दोरा घेतला आणि गल्लीच्या तोंडाशी या घरापासून त्या घरापर्यंत आडवा बांधला. इथं घोडा थांबेपर्यंत मागाला हात लावणार नाही, अशी आण घेतली.

लोक हसले. सुतानं कुठं घोडं अडतं होय? स्वार आले, दोरा तटकन तुटला. तिनं गाठ मारली. पुन्हा आले, पुन्हा तुटला. सोनीला कडेवर घेऊन ती तिथंच उभी राहायची. आठवडा गेला, चूल धड पेटेना, नवरा वैतागला. दोऱ्यात सुतापेक्षा गाठीच जास्त झाल्या.

शेवटी स्वारांचा नाईक सुभानजी चिडून खाली उतरला. "ए बये, वेड लागलंय का तुला? तुटतोय तो, दिसत नाही?"

"तुटला की गाठ मारते, नाईक," ती म्हणाली. "माझ्या तुक्याला कुठं गाठ मारू?" आणि कडेवरची सोनी तिनं त्याच्या हातात दिली. "हिला गल्लीपार न्या. मग जा दौडत."

आता लेकरू हातात घेऊन गडी घोड्यावर चढणार कसा? लगाम मनगटाला गुंडाळून निघाला चालत. सोनीनं त्याची मिशी मुठीत धरली म्हणे. अर्ध्या वाटेवर त्यानं विचारलं, "कुठं पडला होता पोरगा?" बरोबर चालणाऱ्या ठकूबाईनं जागा दाखवली. सोनीला सावरत नाईकानं वाकून तिथल्या मातीला हात लावला. कुणी सांगतात, घोड्यानंही तिथं गुडघे टेकले. खरं-खोटं देव जाणे. दुसऱ्या दिवशी मात्र सगळे स्वार दोऱ्याशी उतरले, आणि त्याच दुपारी ठकूबाईचा माग वाजला.

आजही ज्या घरी रांगतं लेकरू असेल, त्या घरानं रोज सकाळी दोरा बांधायचा. तोडणाऱ्याला कुणी शिव्या देत नाही, दंड मागत नाही. त्या घरचं लेकरू त्याच्या हातात द्यायचं आणि त्यानं ते चालत पलीकडच्या टोकाला पोचवायचं, एवढंच. यंदा तो मान हजाऱ्यांच्या घरचा. ही बघा त्यांची अन्वी. नऊ महिन्यांची आहे, दात येताहेत, लाळ गाळेल अंगावर. धरा. दोन्ही हातांनी.