डोंगरावर पाटील कशाला?

“पाटील नको म्हणजे काय गं म्हातारे?” पेटता पलिता नाचवत सरदार हैबतराव गरजला. “खाली भातखाचरांची सगळी गावं मला मुजरा करतात. तुम्हीही माझा पाटील माना, सारा भरा. नाहीतर वस्ती जाळतो!”

शिपायांनी वेढा दिला. पोरं आयांच्या पदरात शिरली, बाप्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बुधी म्हातारी मात्र पुढे झाली. पलिता छपराला टेकणार तोच ती असं बोलली, की सरदार आल्या वाटेने परत गेला.

“जाळा की सरकार! खालच्यांना खाचरं सोडवत नाहीत म्हणून ते वाकतात. आम्ही दरसाल आपल्याच हाताने रान जाळून राखेत नाचणी पेरतो, आणि जमीन दमली की झोपड्या टाकून पुढचा डोंगर धरतो, मग तुमचा पाटील इथं राज्य करणार कुणावर, राखेवर?”