मथूचं वेखंड

कोंडसरला गाडीरस्ता व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. गावाखाली झऱ्यामुळे बारमाही ओली राहणारी एक पाणथळ जागा होती. तिथे मथू नावाची एकटी बाई वेखंड लावायची. वर पात्यासारखी उभी पानं, खाली चिखलात वासाचे गड्डे. गावात मूल जन्मलं की मथू त्याच्या नावाने एक गड्डा रोवायची. तीनेक वर्षांत बेट दाटायचं, मधे पोकळ व्हायचं. मग ती ते उपटायची, मधला कुजका भाग फेकायची आणि कोयत्याने कडेचे कोंब सुटे करून पुन्हा लावायची. बेट फोडलं नाही तर मूलही आतून पोकळ होतं, असं म्हणतात.

एका वैशाखात तापाची साथ आली. ज्या घरी मूल तापलं, त्याचं बेट पिवळं पडलं. मथू दिवसभर चिखलात उभी राहून बेटं फोडत होती आणि घरोघरी पोरं घाम येऊन उठून बसत होती.

गुरवाच्या सगुणाची लेक देवकी तेवढी उठेना. सहा वर्षांची पोर, पाचव्या दिवशी आईलाही ओळखेना. भर दुपारी सगुणा धावत पाणथळीवर आली. मथूने देवकीचं बेट उपटून दाखवलं. एकही कोंब धड नव्हता.

“मथूवैनी, काहीतरी करा. मला ती एकच लेक आहे.”

मथू कडेच्या एका जुन्या बेटाशी जाऊन बसली.

“हे कुणाचं?” सगुणाने विचारलं.

“माझं. आईने लावलेलं.”

तिने ते उपटलं. त्यात एकच कोंब जिवंत होता. वाटून घेण्यासारखं काही नव्हतंच. ती काय करते आहे हे सगुणाला कळलं. थांबवावं असंही वाटलं, पण तिने थांबवलं नाही. ते तिला जन्मभर खुपत राहिलं, असं म्हणतात.

मथूने तो कोंब देवकीच्या जागी लावला, पायाने चिखल दाबला. “जा घरी. पोरीला तहान लागली असेल.”

सगुणा पोचली तेव्हा देवकी बसून पाणी पीत होती. अंग थंडगार. परक्याकडे बघावं तसं तिने आईकडे पाहिलं आणि म्हणाली, “सगुणा, माझा कोयता तिथंच राहिला. आणतेस का?”

माणसं पाणथळीवर गेली. कोयता काठावर होता. मथूची पावलं चिखलात आत गेलेली दिसत होती, परतीची नव्हती.

पुढे साठ वर्षं देवकीने ते वेखंड राखलं, कुणी न शिकवता. सगुणाला ती कधी आई म्हणे, कधी नुसतं नावाने हाक मारी. सगुणा दोन्हीला ओ देई.

अजूनही दर तिसऱ्या वर्षी, मृगाच्या आधी, कोंडसरच्या बायका बेटं फोडायला जमतात. जी पहिल्यांदा कोयता उचलते, तिला सगळ्यांत थोरली बाई विचारते, “तू कोण गं?” तिने आपलं नाव सांगायचं असतं. बहुतेकजणी सांगतात. पण एखाद्या वर्षी एखादी शांतपणे म्हणते, “मथू.” तेव्हा कुणी हसत नाही. बायका मुकाट्याने बाजूला होतात आणि तिला पुढे जाऊ देतात.