इनबॉक्समधलं पिंपळपान

“म्हणजे हे पान दिसलं, की वाचणारा निर्धास्त होतो?” भंते सुमेधबोधींनी विचारलं.

“हो भंते. नुसतं पान नाही, शेजारी ही बरोबरची खूणही बघा. मेल विहाराकडूनच आलाय, याची खात्री.”

निशांत ढोकेनं मोबाइल त्यांच्यापुढे धरला होता. इनबॉक्समध्ये एकाखाली एक मेल. बाकीच्यांच्या नावाशेजारी रंगीत गोलात नुसतं एकेक अक्षर, आणि विहाराच्या नावाशेजारी हिरवंगार पिंपळपान.

भंतेंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन अगदी नाकाशी नेला.

“सुंदर आहे,” ते म्हणाले. “पण तिथं बसवलं कुणी?”

निशांत याच प्रश्नाची वाट बघत होता.

अमरावतीबाहेरच्या टेकडीवरच्या या विहारात तो लहानपणी सुट्टीतल्या शिबिरांना यायचा. आता पुण्यात मोठ्या हुद्द्यावर होता. बँकांचे, दुकानांचे लोगो लोकांच्या इनबॉक्समध्ये झळकवणं हेच त्याच्या कंपनीचं काम. उन्हाळ्यात कुणीतरी विहाराच्या नावानं खोटे मेल धाडले. भंते आजारी आहेत, मदत पाठवा. भाबड्या माणसांनी ती पाठवलीही. विहाराचा कारभार बघणाऱ्या कुंदाताई रंगारींनी रडतच निशांतला फोन केला होता.

“माझ्यावर सोडा,” तो म्हणाला होता. भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास सुरू होईल त्या दिवशी विहाराचा लोगो दिसलाच पाहिजे, अशी जिद्द त्यानं धरली. आणि दिसला.

आज तो भंतेंच्या दर्शनाला आला होता. खरं तर, शाबासकी घ्यायला.

“मीच बसवलं,” तो म्हणाला. “पण कुणीही उठून बसवू शकत नाही, भंते. आधी चिन्ह आपल्या नावावर रीतसर नोंदलेलं लागतं. आपल्या पुस्तकांसाठी ते पूर्वीच नोंदवलेलं होतं, म्हणून बरं. मग एक संस्था सगळं तपासते, आपल्या माणसाशी बोलते, तेव्हा कुठे प्रमाणपत्र मिळतं.”

“त्या संस्थेला कोण तपासतं?”

“तिलाही तपासणारे असतात.”

“आणि त्यांना?”

निशांत हसला. “कुठेतरी थांबावंच लागतं, भंते. कुणावर तरी विश्वास ठेवावाच लागतो.”

“असं होय...” भंते म्हणाले. त्यात थट्टा नव्हती. त्यांना खरंच नवल वाटत होतं. “आणि ते खोटे मेल? ते कुठे गेले?”

“ते आता दारातच अडतात.” निशांतचा आवाज चढला. “आपल्या प्रत्येक मेलवर आता एक सही असते, डोळ्यांना न दिसणारी. आपले मेल कुठल्या सर्व्हरवरून निघतात, तेही जाहीर करून टाकलंय. आणि सगळ्यांना सांगून ठेवलंय, आमच्या नावानं काही आलं आणि यात बसलं नाही, तर आत घेऊ नका. दार इतकं कडक असेल तरच हे पान दिसतं. एरवी नाही.”

“दारात मजकूर वाचतात?”

“छे. कुणी पाठवलं, एवढंच बघतात.”

“म्हणजे मी खोटं लिहिलं, तरी पान दिसेल?”

“...दिसेल. पण तुम्ही खोटं कशाला लिहाल?”

भंते गालातल्या गालात हसले.

“आणि कुणी खरं लिहिलं, पण सही नसली, तर?”

“तसं होत नाही,” निशांत म्हणाला.

जरा घाईनंच म्हणाला. ते त्याचं त्यालाच जाणवलं.

बाहेर चपला काढल्याचा आवाज आला. दारात एक बाई उभी राहिली. डोक्याला रुमाल बांधलेला, साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली.

“कोण पाहिजे?” निशांतनं उठून विचारलं.

तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही.

“खेमा?” भंते म्हणाले. “तू? न कळवता?”

मेळघाटात, पार डोंगरात, विहाराची एक निवासी शाळा आहे. खेमाताई ती चालवतात, हे निशांतनं ऐकलं होतं. त्यानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

खेमाताईंनी वंदन केलं. उठल्या, पण बसल्या नाहीत.

“भंते, माझं काय चुकलं?”

“कशात?”

“मी मेल पाठवला, तो परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा परत. इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं. आमच्या नव्या मास्तरांनी वाचून दाखवलं. विहाराच्या नियमाप्रमाणे हा मेल नाकारण्यात आला आहे...” त्यांचा आवाज फुटला. “गेल्या वर्षी मी सगळ्यांदेखत तुमच्याशी वाद घातला होता. मला वाटलं, तो राग असेल.”

भंते पुढे झुकले.

“काय लिहिलं होतंस?”

“मुलांना ताप आला होता. एकाला आला, मग दुसऱ्याला, मग निम्मी शाळा आडवी झाली. तिथं फोन लागत नाही, शाळेतलं इंटरनेट तेवढं चालतं. डॉक्टर पाठवा, एवढंच लिहिलं होतं.”

“मी कुंदाला रोज विचारत होतो,” भंते हळूहळू म्हणाले. “शाळेतून काही आलं का? ती म्हणायची, काही नाही. मला वाटलं, सगळं बरं आहे.”

निशांतच्या सगळं लक्षात आलं. शाळा विहाराच्याच नावानं लिहीत होती, पण तिकडच्या कुठल्या तरी सर्व्हरवरून. तो त्याच्या यादीत नव्हता. शाळेच्या मेलबद्दल त्याला कुणी सांगितलं नव्हतं... आणि त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं.

“मुलं?” त्यानं विचारलं.

“आहेत,” खेमाताई म्हणाल्या. “रस्ता वाहून गेला होता. तरी खालच्या गावातून नर्सबाई आल्या. वस्तीतल्या कोरकू बाया दिवसरात्र उशाशी बसल्या. फुलवंती म्हणून एक आहे, तिला अजून उभं राहवत नाही. पण जेवते आता. रस्ता सुरू झाला तशी निघाले.”

निशांत खेमाताईंसमोर येऊन उभा राहिला.

“ताई,” निशांत म्हणाला, “तुमचा मेल भंतेंनी नाकारला नाही. मी नाकारला.”

आता पहिल्यांदाच खेमाताईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

“दार कडक करण्याआधी काही आठवडे नुसतं बघायचं असतं,” तो सांगू लागला. “कुणालाही अडवायचं नाही. आपल्या नावानं कोण कोण लिहितंय, ते रोज कळत जातं. त्यातले आपले कोण, परके कोण, ते ओळखायचं आणि मगच दार लावायचं. मी तेवढं थांबलो नाही. मला वर्षावासाच्या दिवशी हे पान दिसायला हवं होतं.”

“मग दिसलं?” खेमाताईंनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना ठाऊकच नव्हतं.

“दिसलं.”

“बघू.”

त्यानं फोन पुढे केला. खेमाताईंनी पान पाहिलं. मान हलवली आणि फोन परत दिला.

तेवढ्यात भंते आसनावरून उठले. म्हाताऱ्या गुडघ्यांवर भार देत, भिंतीचा आधार घेत खेमाताईंसमोर आले. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि कमरेत वाकले. भिक्खू असा उपासिकेपुढे वाकत नाही. निशांतनं उभ्या आयुष्यात ते पाहिलं नव्हतं.

“भंते, हे काय करता!” खेमाताई दचकून मागे सरल्या.

“माझ्या नावानं परत आलं ना,” भंते म्हणाले. “मग मीच परत पाठवलं.”

खेमाताई मटकन खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. भंते शेजारी जमिनीवर बसून राहिले. रडणं थांबल्यावर त्यांनी स्वतः माठातलं पाणी आणून दिलं.

निशांत त्यांच्याजवळ येऊन बसला.

“लोगो काढून टाकू का, भंते?” अखेर त्यानं विचारलं.

“का? लोक पुन्हा फसतील. त्यांनी काय वाईट केलंय कुणाचं?”

“मग...?”

भंतेंनी खेमाताईंचा रिकामा पेला उचलून माठाशी ठेवला.

निशांतनं लॅपटॉप उघडला आणि दार सैल केलं. येणारं येऊ दे, फक्त मला कळू दे, एवढाच हुकूम ठेवला. मग म्हणाला, “आता काही दिवस पान दिसणार नाही, भंते. मी शाळेत जातो. तिथला मेलही सहीनिशी निघेल, अशी व्यवस्था लावतो. मग पुन्हा दार लावू.”

“बरं,” भंते म्हणाले.

कुंदाताईंनी परतवाड्याच्या एका डॉक्टरांना फोन लावला. ते परवा मोकळे होणार होते. खेमाताई औषधं घेऊन त्यांच्याबरोबर मागून येतील, निशांतनं सकाळच्या एसटीनं पुढे निघावं, असं ठरलं.

सकाळी निशांत पाठीला पिशवी लावून वंदनाला आला. थोडा घुटमळला.

“भंते, विहाराच्या शिक्क्यानिशी दोन ओळी लिहून द्याल? तिथं मला कुणी ओळखत नाही.”

“ते खरंच आहे,” खेमाताई म्हणाल्या. “ताप आल्यापासून वस्तीतली माणसं परक्याला आत येऊ देत नाहीत. फाटकातच उभं करतात. कोण, कुठला, कशाला आला, सगळं विचारतात. कधी कधी दिवस जातो.”

“म्हणून तर,” निशांत म्हणाला.

भंतेंनी बैठकीवरचा शिक्का उचलला. शाईच्या डबीचं झाकण उघडलं. क्षणभर निशांतकडे पाहिलं...

मग झाकण पुन्हा लावलं.

“जा,” ते म्हणाले. “फाटकात उभा राहा.”