भिवराचं माहेर

“ते राज्य मला उद्याच्या उद्या दाखव! नाही दाखवलंस, तर बिऱ्हाड उचलून पोराबाळांसकट सीमेपार चालती हो!” रणधीर राजा कडाडला.

समोर भिवरा उभी, पिठानं पांढरी झालेली. राजवाड्याचं दळण तिच्याकडे. तिचा गुन्हा काय, तर जात्यावर तिनं ओवी म्हटली:

माझ्या गं माहेरी, राजा रांगेत राहतो,
घागर भरायाला, पाळी आपुली पाहतो!

आणि नगरात काय चालायचं? विहिरीवर आधी राजाचे घोडे प्यायचे, मग शिपाई अंघोळी उरकायचे, बायका आपल्या उन्हात ताटकळत. ओवी राजाला बरोबर झोंबली!

प्रधान म्हणाला, “महाराज, जात्यावर बसलं की प्रत्येकीचं माहेर सोन्याचं होतं. ते काय मनावर घ्यायचं?”

पण राजानं जन्मात कधी जात्याचा खुंटा धरला असेल तर ना! “गायली म्हणजे असणारच! दाखवलंस तर मागशील ते देईन.”

भिवराच्या माहेरी तर पाटलाच्या म्हशीसुद्धा बायकांच्या आधी पाणी प्यायच्या! पण ती म्हणाली, “दाखवते महाराज. मात्र तिथली रीत कडक आहे. एकट्यानं यायचं, पायी, स्वतःची घागर घेऊन. मधेच निघून गेलं, तर काही दिसत नाही.”

“येतो! तुझी लबाडी उघडी पाडायला तरी येतोच!”

सकाळी राजा घागर घेऊन हजर. भिवरानं त्याला नेलं कुठं? नगराच्याच विहिरीवर! आणि केलं बायकांच्या मागे उभं. मोतद्दार घोडे घेऊन आला, राजाला पाहून चपापला आणि मुकाट मागे थांबला. शिपाई आले, तेही घोड्यांच्या मागे. राजाच्या पुढे घुसायची कुणाची छाती? बायका तोंडाला पदर लावून खुदखुदत होत्या. एक म्हातारी म्हणाली, “बाबा, घागर खाली ठेव, हात भरून येतील.”

अखेर पाळी आली. घामाघूम राजानं घागर भरली आणि तो ओरडला, “झालं? आता दाखव तुझं ते राज्य!”

“अगं बाई! मग मघापासून महाराज उभे होते ते कुठं? राजा रांगेत, बायका पुढे, घोडे मागे!”

“पण हे तर माझंच राज्य!”

“मी कुठं नाही म्हणते? रोज दिसत नाही, एवढंच!”

राजा असा खदखदून हसला की घागर हिंदकळली. “माग, काय हवं ते माग!”

“रोज येत जा, महाराज!”

“रोज नको गं बाई, कंबर मोडेल! आजपासून आधी तुमच्या घागरी, मग घोडे आणि शिपाई. आणि ही घागर तुझी!” म्हणत राजानं ती खांद्यावर घेतली आणि भिवराच्या दारापर्यंत स्वतः पोचवली.