टोफूवाल्याची नववी प्रिंट

"मधोमध पाडा ना भोक. कोपऱ्यात कशाला?"

मुकुंद खांबेटे हातातली निगेटिव्ह पुढे धरून म्हणाले.

"मी कोपऱ्यातच पाडतो. नेहमी."

"कोपरा वगळून उद्या कुणीही छापेल, सेन्सेई!"

ओनिशी सेन्सेई चहा ओतत राहिले.

सेन्सेई म्हणजे गुरुजी. या गुरुजींनी ओसाकातल्या एकाच गल्लीचे फोटो जन्मभर काढले. आता तिथे गाड्यांचा तळ आहे. एका निगेटिव्हच्या नऊच प्रिंट काढायच्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने आकडा घालून सही करायची, आणि मग तिकीट तपासनिसाकडे असायचा तसल्या चिमट्याने निगेटिव्हला भोक पाडायचं, असा त्यांचा नेम. दहावी निघायची नाही.

पुण्यात खांबेट्यांच्या घरी या गल्लीच्या फोटोंसाठी एक वेगळी खोली आहे. पडदे कायम ओढलेले, कपाटं हवाबंद. प्रिंटला हात लावायचा तो पांढरे हातमोजे घालूनच. सुनेने एकदा केर काढताना खिडकी उघडली, तर केवढा गहजब झाला होता.

प्रत्येक फोटोची एकेक प्रिंट जमली होती. एकच राहिली होती, मोरितांची.

मोरिता टोफूवाले, म्हणजे सोयाबीनचं पनीर विकणारे. पाण्याच्या टाकीत कोपरापर्यंत हात बुडवून उभे आहेत आणि तोंड वर करून खदखदून हसताहेत. ती नववी, शेवटची प्रिंट आज इथे ओसाकात, सेन्सेईंच्या घरी टेबलावर होती.

तरुणपणी जपानी शिकायला आले, तेव्हा ते याच गल्लीत राहायचे. संध्याकाळी सेन्सेईंची कॅमेऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन मागे मागे फिरायचे. मासळीचा वासही न सोसणारा पोरगा तो, उपाशीच राहायचा. मोरिता दुकान बंद करताना त्याच्या डब्यात टोफूचे तुकडे घालत.

"तुटलेले आहेत. चालतील ना?" असं उलट त्यालाच विचारत, म्हणजे पोराला ओशाळं वाटू नये.

"असं हसणारा माणूस पुन्हा भेटला नाही, सेन्सेई," खांबेटे डोळे पुसत म्हणाले. "...पाडा भोक."

सेन्सेईंनी चिमटा त्यांच्यापुढे ठेवला.

"तूच पाड, मुकुन."

मुकुंदमधला शेवटचा द त्यांच्या जिभेला कधी पेललाच नाही.

तेवढ्यात दारातून हाक आली. पलीकडच्या रस्त्यावर टोफूचं दुकान चालवणाऱ्या हारुए वाडगा घेऊन आत आल्या. मोरितांची मुलगी. खांबेट्यांना त्या ओळखत नव्हत्या. वाडगा टेबलावर ठेवता ठेवता त्यांची नजर प्रिंटवर गेली.

"बाबा...!"

त्यांनी प्रिंटवर वाकून पाहिलं.

"असा फोटो आहे हे मला ठाऊकच नव्हतं, सेन्सेई. आगीत आमच्याकडचे सगळे फोटो जळाले. बाबांचा चेहरा हल्ली नीट आठवत नाही हो... मला एक छापून द्याल?"

सेन्सेईंची मान खाली गेली.

"मी नऊचा शब्द दिलाय, हारुए. ही नववी. यांची आहे."

हारुए लगेच खांबेट्यांपुढे वाकल्या.

"माफ करा हं. मी भलतंच मागितलं." मग त्यांनी वाडगा पुढे सरकवला. "तुम्हीही घ्या ना. तुटलेले आहेत. चालतील ना?"

खांबेटे वाडग्याकडे बघत राहिले...

मग घाईघाईने सेन्सेईंकडे वळले.

"दहावी काढा. मी कुणाला सांगणार नाही."

"आठ जण माझ्या शब्दावर विसंबून आहेत."

"पण मग माझा संग्रह अपुराच राहील..."

"हो," सेन्सेई म्हणाले.

हारुए दारात चपला घालत होत्या. खांबेट्यांनी हातमोजे काढले. उघड्या हातांनी प्रिंट उचलली आणि त्यांच्या हातात दिली. कडेला अंगठ्याचा डाग उमटला असणार, पण त्यांनी पाहिलंही नाही.

हारुए कमरेत वाकून उभ्या राहिल्या.

"उजेडात लावू नका," खांबेटे म्हणाले. खोड जाते थोडीच! "उन्हाने फिकट होते."

"दुकानात लावीन म्हणते. टाकीच्या वर, खिडकीपाशी. बाबांना ऊन फार आवडायचं."

खांबेट्यांनी हातमोजे टेबलावर ठेवले.

"...लावा."

हारुए प्रिंट छातीशी धरून गेल्या. टेबलावर प्रिंटची रिकामी पेटी राहिली आणि शेजारी हातमोजे.

खांबेट्यांनी निगेटिव्ह उचलून खिडकीकडे धरली. तिच्यात मोरितांचे दात काळे दिसत होते, पण हसणं तेच होतं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग चिमटा घेतला आणि अगदी कडेला, कोपऱ्यात, भोक पाडलं.

सेन्सेईंनी चिमटा परत खणात ठेवला.

"सेन्सेई," खांबेटे म्हणाले, "माझ्याकडे आता मोरितांचं काहीच उरलं नाही."

सेन्सेईंनी टोफूचा वाडगा त्यांच्यापुढे सरकवला.

"खा आधी. ठेवला तर आंबतो."