घरटी एक घोंगडी

हत्तीखान्याची फरशी थंडीत गार पडते, म्हणून डोंगरी मुलखातल्या एका राजाने पट्टी बसवली: घरटी एक घोंगडी. सावकाराने पंचवीसांतली एक दिली. धुळाबाई धनगरणीच्या घरात एकच होती, तिने ती दिली. आठ दिवसांनी ती तक्रार घेऊन दरबारात उभी राहिली.

"सगळ्यांना सारखीच पट्टी आहे," प्रधान म्हणाले. "यात अन्याय तो कुठला?"

"मग प्रधानजी, आज आणखी एक पट्टी बसवू," धुळाबाई शांतपणे म्हणाली. "माणशी एक वस्त्र, अंगावरचं, इथंच. तुम्ही शेला द्या, मी लुगडं देते."

तिचा हात पदराकडे गेला तशा दरबारातल्या साऱ्या माना खाली गेल्या. राजा घाईने उठला.

"थांब, बाई. हिची घोंगडी हिला परत द्या रे."

"आता ती हत्तीलाच राहू द्या, महाराज. ती पांघरणारे माझे सासरे काल पहाटे गारठून गेले."

पुढे कुठलीही पट्टी बसवताना राजा आधी विचारी, देणाऱ्याच्या घरात मागे काय उरेल? हत्तीखान्याकडे मात्र तो पुन्हा कधी फिरकला नाही.